कोपराखालची खाच

कवळीमास्तरांना जगात दोनच गोष्टींची चीड होती: अर्धवट काम आणि ते करणारी माणसं. त्यामुळे चिडायला कारण मिळालं नाही असा दिवस त्यांच्या आयुष्यात उगवला नाही.

चाळीस वर्षं त्यांनी दवाखान्यांसाठी दातांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसू देईनात, तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या खेळण्यांतल्या वीरांचे पोकळ हातपाय भरून द्यायला सुरुवात केली. हे वीर समोरून बघावेत. दंड काय, छाती काय! पाठमोरा केला की हात आतून कोरलेला, शेंग सोलून दाणे काढून घ्यावेत तसा. कारखानदार तेवढंच प्लॅस्टिक वाचवतो. ज्यांना हे खुपतं ते सगळे चांगले वाढलेले बाप्ये, पोटं सुटलेले, नोकरीधंद्यातले. आपापले वीर पिशवीत घालून ते मास्तरांकडे येत. मास्तर आधी माणसाची हजेरी घेत, मग वीराची.

"वय काय तुमचं?"

"बेचाळीस."

"मुलं?"

"दोन."

"मग हे तुम्ही त्यांच्यापासून लपवता, की ती तुमच्यापासून?"

माणसं ओशाळून हसत आणि पुन्हा येत, कारण असं काम दुसरीकडे होत नव्हतं. मास्तरांनी भरलेला हात कुठे भरलाय, हे शोधून सापडत नसे.

गेल्या वर्षापासून मात्र मास्तरांचा उजवा अंगठा थरथरायला लागला होता. फळीवर बावीस वीर ताटकळत उभे होते. मदतीला कोणीतरी हवं, असं मास्तर स्वतःच्या तोंडाने म्हणाले, म्हणजे दुखणं साधं नव्हतं.

दोन गल्ल्या पलीकडे राहणारी त्यांची लेक एका दुपारी आली. तिने चहा केला, कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला माणूस हवाय ना? मी म्हणत होते, की..."

"कळलं," मास्तर म्हणाले. "नवऱ्याची वर्णी लावायला आलीस."

जावई पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. ती कंपनी दोन महिन्यांपूर्वी बंद पडली होती. मास्तरांच्या मते ती जावयामुळेच बंद पडली.

"ऐकून तरी घ्या."

"ऐकलं की. खायला काळ आणि भुईला भार, अजून काय ऐकायचंय? हा घे वीर. हातपाय भरून आठ दिवसांत आणायला सांग. बघू काय दिवे लावतात ते."

लेकीने वीर पिशवीत टाकला, कप विसळला आणि गेली.

ते आठ दिवस मास्तरांनी फार मजेत घालवले. जावयासाठी त्यांनी एकेक टोमणा घोटून ठेवला. पुट्टीत बुडबुडे सापडले तर काय म्हणायचं, कडेला फट दिसली तर काय म्हणायचं, सगळं तोंडपाठ.

आठव्या दिवशी जावई आला. लेक त्याच्या मागे उभी राहिली. मास्तरांनी वीर हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि तो उलटासुलटा करून पाहिला. बुडबुडा नव्हता. फट नव्हती. आतलं प्लॅस्टिक साबणाने धुऊन, खरवडून मगच पुट्टी दाबलेली असणार, नाहीतर कडा इतक्या घट्ट बसत नाहीत. मास्तरांचा चेहरा उतरला. घोटलेले टोमणे वाया चालले होते.

आणि मग त्यांना कोपराखाली ती बारीक खाच दिसली.

ही खाच मास्तर देत. कारखान्याने ती दिलेली नसायची, गिऱ्हाइकाने मागितलेली नसायची आणि वीर कपाटात उभा केला की ती दिसायचीही नाही. खऱ्या माणसाच्या हाताला असते, म्हणून मास्तर देत. याबद्दल ते कधी कोणाशी अवाक्षर बोलले नव्हते.

"चोर!" ते ओरडले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "हा माझ्या फळीवरचा आहे! माझं काम मलाच दाखवता? चोरी करायलाही अक्कल लागते, जावईबापू. निदान दुसऱ्याचं घर तरी बघायचं!"

जावई लाल झाला, पण आवाज त्याने चढवला नाही. "फळी मोजून बघा, बाबा."

मास्तरांनी मोजली. दोनदा मोजली. दिलेला एक सोडला तर एकवीसच्या एकवीस वीर जागेवर होते, आणि सगळे अजून पोकळच होते.

"मग हे कोणी केलं?"

"मी आधी एका जुन्या खेळण्यावर हात चालवून बघितला. ते घट्ट होणारं रेझिन एकदमच ओतलं. ते असं तापलं की पोटरी सुजून बटाटा झाली. सध्या तो पाय आम्ही दाराखाली पाचर म्हणून लावतो." जावयाने बायकोकडे बोट केलं. "हे हिचं काम आहे."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं.

"तुम्ही कवळ्या करायचात तेव्हा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी अभ्यासाला बसायचे," ती म्हणाली. "पुस्तकात कितीसं बघत होते, ते माझ्या मार्कांवरून कळलंच असेल तुम्हाला. खेळण्यांचं काम सुरू केलंत, तेव्हाही चहा देताना बघतच होते."

"मग त्याच्या नावावर कशाला आणलंस?"

"त्या दिवशी मी माझंच विचारायला आले होते. तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. आणि माझं म्हणून आणलं असतं, तर भिंग काढलं असतंत?"

शहरभरच्या तोंडांना दात बसवणाऱ्या माणसाची दातखीळ बसली.

"उद्यापासून येते," लेक म्हणाली. "पण एक आहे. जे काम माझं, ते माझं म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं. तेही तुम्ही. मी सांगितलं तर बढाई वाटते."

"सांगेन की. त्यात काय एवढं!"

महिन्याभरात फळी निम्मी रिकामी झाली. लेक बाहेरच्या खोलीत काम करायची, मास्तर आतल्या खोलीत अंगठा शेकत बसायचे आणि अधूनमधून येऊन चूक शोधायचे. सापडली नाही, की उजेड कमी आहे म्हणायचे. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिला घाईत होता, म्हणून सांगायचं राहिलं. दुसरा बडबड्या होता. तिसऱ्याची हे ऐकायची लायकीच नाही, असं मास्तरांनी ठरवलं. लेक तिन्ही वेळा गप्प बसली.

मग ज्याच्या शब्दावर बाकीचे सगळे शौकीन चालत, ते बडं गिऱ्हाईक आपले सहा वीर न्यायला आलं. बेल वाजली तेव्हा लेक आत डोकावली.

"बाबा, आज सांगा. याला कळलं की सगळ्यांना कळेल."

"हो गं. तू दार तर उघड."

बाहेर कागद उलगडल्याचा आवाज आला. मग ते गिऱ्हाईक जवळजवळ ओरडलंच, "वा! लोक म्हणत होते, मास्तर थकले. कोण म्हणतं? पूर्वीपेक्षाही सरस आहे हे! असा हात पुन्हा होणे नाही."

खुर्ची सरकली. लेक आतल्या दाराकडे वळली असणार. ते दार मास्तरांपासून चार पावलांवर होतं. दुखत अंगठा होता, पाय नव्हते. पण मास्तरांनी शेकायची पिशवी अंगठ्यावर नीट बसवली आणि डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल कोणी एवढं मन भरून बोललं नव्हतं. लाज वाटली, नाही असं नाही. पण ते बोलणं गोड लागलं, आणि लाजेपेक्षा जास्त लागलं.

"मास्तरांचंच ना हे?" गिऱ्हाइकाने विचारलं.

लेक थांबली. चांगली दहा आकडे मोजावेत एवढी थांबली.

"हो," ती म्हणाली. "त्यांचंच."

बाहेरचं दार दोनदा वाजलं. एकदा गिऱ्हाईक गेलं तेव्हा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. तेव्हा कुठे मास्तर उठले आणि बाहेर आले. तिची चप्पल दारात नव्हती.

"तिचं काम आहे ते," मास्तर म्हणाले. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले. खोलीत कोणी नव्हतं.