विष्णुपंतांच्या मोटारीतला वारा

श्रीगोंद्याचे वकील विष्णुपंत लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. प्रचाराला मोटार हवी आणि त्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन तर बसलेलं. मिस्त्री कानिफनाथानं नगरच्या लष्करी लिलावातून एका ट्रकचं इंजिन आणलं आणि बॉनेट कापून, ठोकून मोटारीत बसवलं. इंजिन चांगलं वीतभर उंच होतं, पण बसलं एकदाचं.

"आता बघा, सायेब, वाऱ्यासारखी पळंल," कानिफनाथ म्हणाला.

पळाली खरी. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दोघं सभेला निघाले. वाटेत विरुद्ध बाजूचे उमेदवार राधाकृष्ण टांग्यातून चालले होते. विष्णुपंतांनी हॉर्न वाजवून त्यांना धुळीत मागं टाकलं. दोन मैलांवर मोटारीच्या तोंडातून वाफेचा फवारा उडाला आणि उकळतं पाणी भळाभळा रस्त्यावर आलं. ती निवेपर्यंत मागून टांगा आला.

"येता का बरोबर, वकीलसाहेब?" राधाकृष्णांनी अदबीनं विचारलं.

"आपण व्हा पुढं," विष्णुपंत म्हणाले.

पाणी भरून त्यांनी पुन्हा टांगा गाठला, पुन्हा हॉर्न वाजवला आणि मोटार पुन्हा उकळली. या वेळी राधाकृष्णांनी काही विचारलं नाही, नुसता नमस्कार केला. तो विष्णुपंतांना जास्त झोंबला.

काष्टीत मोटार तिसऱ्यांदा ओकली ती भर बाजारात, मडकी विकणाऱ्या गोजरबाईच्या पुढ्यात. कानिफनाथानं पंख्याचा पट्टा ताणला. रबरी नळ्या चाचपल्या. मग पाणी अडवणारी पितळी झडपच काढून खिशात टाकली. गोजरबाईकडून घागर मागून घेतली आणि पुढची पाण्याची टाकी काठोकाठ भरली. पाच मिनिटं इंजिन चाललं आणि पाणी फसाफसा उसळून बाहेर आलं.

"टाकी गच्च भरल्याली हाय, तरी उकळतंय," कानिफनाथ डोकं धरून म्हणाला. "म्या तर हात टेकलं."

तोवर बाजार गोळा झाला होता. गुळाच्या ढेपा, मेथीच्या जुड्या, सगळं सोडून माणसं मोटारीभोवती उभी. गोजरबाई मात्र चिडलेली.

"दोन घागरी पानी पेली तुमची गाडी आन् माझ्याच मडक्यांवर थुकली," ती म्हणाली. "पानी वततान्ना डबक-डबक वाजतंय, ते ऐकलं न्हाई व्हय रं तुमी?"

"वाजंना का! टाकी भरलीया की, मावशे."

"तोंडाशी भरलीया." तिनं एक चंबू उचलला आणि पाण्याच्या परातीत तोंड खाली करून दाबला. "हे बग. तोंड पान्यात हाय, पर पोटात वारा बसलाय. तुमच्या गाडीचं पोट वर आन् तोंड खाली. वारा जाईल कुटनं? तोंड वर करा तिचं."

कानिफनाथ चंबूकडं बघत राहिला, मग इंजिनाकडं. ट्रकचं इंजिन टाकीपेक्षा उंच. म्हणजे हवा वरती डोक्यात कोंडलेली, तिथं पाणी पोचतच नव्हतं! त्यानं मिस्त्रीगिरीत वीस वर्षं घालवली होती. त्यानं बाह्या सरसावल्या.

"ढकला रं समदे! त्या बांधावर पुढली चाकं चढवा!"

पंधरा-वीस गडी लागले. मोटार तोंड आभाळाकडं करून उभी राहिली. चाकामागं धोंडे लावले, टाकीचं झाकण उघडं ठेवलं आणि इंजिन हळू चालू केलं. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून भलामोठा ढेकर आला.

"एक!" बाजार ओरडला.

प्रत्येक ढेकराबरोबर टाकीतलं पाणी खाली जाई, कानिफनाथ वरून ओती. हीच वेळ साधून विष्णुपंत फूटबोर्डावर चढले.

"बंधुभगिनींनो, या तालुक्याच्या रस्त्यांचा प्रश्न…"

मोटारीनं ढेकर दिला.

"सात!"

तिकडं चावडीपुढं राधाकृष्णांची सभा होती. तिला एकटा टांगेवाला होता, आणि नवव्या ढेकराला तोही धावत इकडं आला. अकराव्यानंतर पाणी शांत झालं. अर्धा तास इंजिन चाललं, थेंब सांडला नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. भाषण राहिलंच होतं, पण विष्णुपंतांना इतका आनंद झाला होता की तेही टाळ्या वाजवत होते. गोजरबाईकडून त्यांनी सगळी भिजलेली मडकी विकत घेतली आणि मागच्या सीटवर रचली.

दुसऱ्याच दिवशी कानिफनाथानं बाभळीचे दोन ठोकळे घालून टाकी इंजिनापेक्षा उंच बसवली. बॉनेट कायमचं उघडं राहिलं, पण मोटार पुन्हा कधी उकळली नाही. प्रचाराच्या पुढच्या पंधरा दिवसांत तिनं चौदा गावं घेतली. प्रत्येक गावात वेळेवर पोचली, वेळेवर निघाली.

निकाल लागला. काष्टीत विष्णुपंतांना भरभरून मतं मिळाली होती. बाकी चौदाही गावांत राधाकृष्ण पुढं होते. तिथं पोरं मोटारीमागं वेशीपर्यंत पळाली होती, आणि मोठ्यांनी मान वर करून बघितलंही नव्हतं.

विष्णुपंत ओसरीवर निकालाचा कागद हातात घेऊन बसले होते. कानिफनाथ शेजारी उकिडवा बसला होता. त्याला फार वाईट वाटत होतं.

"सायेब," तो म्हणाला, "आदी सांगायचं हुतं. समद्या गावांत उकळवली आस्ती."