विनीचे समोरचे दोन दात

विनीचे समोरचे दोन दात पडले आणि माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या सहा वर्षांच्या पोरीचे दात पडायचे नाहीत तर काय! पण गावच्या पीच महोत्सवातली 'छोटी राणी' ही मुलींची सौंदर्यस्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. मिस अर्लीन (सासूबाईंना सारा गाव असंच म्हणतो, मीही) तिला दंतवैद्याकडे नेऊन चक्क कवळी करून घेऊन आल्या.

"सगळ्या मुली लावतात, कोरा. आपल्या जॉर्जिया राज्यातली पोर बोळकं दाखवत स्टेजवर जात नाही."

"हो, मॅम," मी म्हटलं.

कॉलेजात मी साहित्य शिकले. आमच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कादंबऱ्यांतली गोरी बाई एक तर जिन्यात मूर्च्छा येऊन पडते, नाहीतर माडीवर वेडी होते. आणि तिचं सगळं निस्तरायला स्वयंपाकघरात एक काळी बाई असते, तिला मात्र मूर्च्छा यायची सोय नाही. यावर मी वीस पानं लिहिली होती. मार्क उत्तम पडले. उपयोग एवढाच, की 'हो, मॅम' म्हणताना आपण काय करतोय ते मला नीट कळतं.

कवळी घशात तर जाणार नाही ना, म्हणून दोन आठवडे मी विनीच्या तोंडाकडेच बघत होते.

स्पर्धेच्या शनिवारी चर्चच्या हॉलमागे अकरा पोरी केसांवर फवारे मारून घेत होत्या. विनी रडत नव्हती. रडलं की रंग ओघळतो, हे आजीने पढवलं होतं. तिने नुसता माझा हात घट्ट धरला. कवळीच्या कडेला हिरडीतून रक्त येत होतं.

"दुखतंय तिला, मिस अर्लीन."

"दुखणारच. माझ्या लग्नात मी नऊ तास कंबर आवळून उभी होते. कुणाला कळलं?"

"नाही ना कळलं. तेच तर."

त्या गोड हसल्या. "देव तुझं भलं करो गं, पोरी."

आजूबाजूच्या आयांच्या माना वळल्या. आमच्या गावात हे वाक्य म्हणजे चारचौघांत दिलेली कानाखाली.

मी विनीच्या हनुवटीखाली तळहात धरला. "थुंक."

"आजी ओरडेल."

"एवढ्या बायकांसमोर? मुळीच नाही."

ती थुंकली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

"जायचंय का?"

"जायचंय," फटीतून हवा सोडत ती म्हणाली आणि पळाली.

मिस अर्लीन माझ्या शेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. हसू जागचं हललं नव्हतं. मी ती ओली कवळी रुमालात गुंडाळून त्यांच्या पर्समध्ये टाकली.

"थँक यू, बाळा," त्या म्हणाल्या.