हरकत कोणाचीच नव्हती

सोमवारी सकाळी शटर वर ढकललं, तर समोर दोन माणसं वाकून रस्त्याच्या कडेने पिवळी रेघ मारत होती. माझ्या उंबऱ्यापासून दीड हातावर. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये कुठे फट नाही.

"आता इथं गाडी थांबवायची नाही," रंगाचा डबा धरलेला म्हणाला. "आदेश निघालाय."

"किती दिवस?"

"कायमचं."

माझं दुकान कृत्रिम पायांचं. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. पायाचा साचा घ्यायचा, पाय बनवायचा, कुबड्या दुरुस्त करायच्या. माझ्याकडे येणाऱ्याला चालता येत नाही, म्हणून तर तो येतो. त्याला आता सांगायचं की बाबा रे, कोपऱ्यावर उतर आणि तीनशे पावलं चालत ये. असली अक्कल पालिकेलाच सुचावी.

त्याच दिवशी अकराला शाळेतल्या बाई यायच्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. शाळा उघडायला सोळा दिवस उरले होते आणि मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं, पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभ्या राहिलात तर वर्ग तुमचा. नवा पाय जवळजवळ झाला होता. घरातल्या घरात सवय व्हावी म्हणून मी तो त्यांना देऊनही ठेवला होता. आतून थोडा घासायचा, दोनदा चालवून बघायचं, एवढंच राहिलं होतं.

टॅक्सीवाल्याने रेघ पाहिली आणि बाईंना कोपऱ्यावरच उतरवलं. दंड त्याला बसला असता, त्याला तरी काय बोलणार? बाई चालत आल्या. पाय काढला, तर आतला मोजा रक्ताने चिकटलेला. आता तीन आठवडे पाय घालायचा नाही, हे मलाच सांगावं लागलं. बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी पालिकेत गेले. वाहतूक विभाग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कारकुनाने शांतपणे फाईल काढली.

"ताई, सगळं कायद्याने झालंय. आधी प्रस्ताव, मग नोटीस, मग हरकतींसाठी एकवीस दिवस. तुमच्या रस्त्यावरून एकही हरकत आली नाही."

"नोटीस लावली कुठे?"

"ठळक ठिकाणी." त्याने फोटो पुढे सरकवला. "तारीख-वेळेसकट आहे, बघा."

फोटोत माझंच शटर होतं. बंद. त्याच्यावर मधोमध नोटीस. वेळ सकाळी साडेसहा.

माझं घर दुकानाच्या मागेच. मी आतून येते, आतूनच शटर वर ढकलते, आतूनच खाली ओढते. सुट्टीच्या दिवशी मागच्या दाराने जाते. म्हणजे एकवीस दिवस ती नोटीस शटरबरोबर गुंडाळून माझ्याच डोक्यावर बसलेली होती. माझं शटर बाहेरून कसं दिसतं, हे मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

"तुमच्याच शटरवर लावली होती की," कारकून म्हणाला. "याहून जवळ कुठे लावणार?"

चोर तो चोर, वर शिरजोर.

"दुकानाचं शटर दिवसा वर असतं, हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"लावणारा सकाळी लवकर जातो. तेव्हा खालीच असतं."

"मग माझ्या पाठीवर चिकटवायची होती. निदान गिऱ्हाइकांनी तरी वाचली असती."

पलीकडच्या टेबलापाशी शिपाई खुसकन हसला. कारकून हसला नाही. पण मी उठत नाही हे पाहून त्याने नियमांचं पुस्तक काढलं. रस्ता वापरणाऱ्यांना दिवसभर वाचता येईल अशा ठिकाणी, असं त्यात लिहिलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा हळू.

म्हणजे सगळं पहिल्यापासून. नवी नोटीस, नवे एकवीस दिवस, मग सुनावणी.

"आणि तोवर रेघ?"

"ती राहील. मारून झाली ना आता."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. त्यांनी आम्हाला थांबवलं तर चालतं, आम्ही सहा मिनिटं थांबलो तर दंड.

यावेळी नोटीस विजेच्या खांबावर लागली. मी त्याच दिवशी हरकत लिहून दिली, बाईंनीही दिली. सुनावणी आली तोवर शाळा उघडून दहा दिवस झाले होते. मुख्याध्यापक थांबायला तयार आहेत, असं बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. जिने चढू नका, मी बोलते, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी ऐकलं नाही. कुबड्यांवर दोन मजले चढल्या, प्रत्येक वळणावर टेकत.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी खुर्ची दाखवली. "आपण बसून बोला."

"नको," बाई म्हणाल्या. "सहा महिने बसलेच होते. उभं राहता यावं म्हणून या ताईंच्या दुकानात जात होते. तुमच्या रेघेने मला परत बसवलं. आज उभ्यानेच सांगते."

त्या सांगत होत्या तेवढा वेळ साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. मग नकाशा ओढून घेतला आणि माझ्या दुकानासमोर दोन खुणा केल्या. दोन गाड्यांपुरती रेघ पुसायची, वीस मिनिटं थांबायला परवानगी. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. वीस मिनिटांत मी कोणालाही आत घेऊ शकते.

जिना उतरताना मीच बडबडत होते. जखम भरत आली आहे, उद्याच टॅक्सी थेट दारात आणा, आठवड्यात पाय तयार करते.

"घाई नाही गं," बाई म्हणाल्या.

"घाई कशी नाही? मुख्याध्यापक थांबतो म्हणाले ना?"

बाईंनी कुबडी खालच्या पायरीवर टेकवली, नीट बसली का ते पाहिलं.

"थांबले की," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी, पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत."