एकहाती क्ष-किरण विभाग

बायोइन्फर्मेटिक्समध्ये मास्टर्स केलं तेव्हा हिमानीला वाटलं होतं, आता आपली गाठ जनुकांशी. प्रत्यक्षात ती शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलात खातेप्रमुखांना पासवर्ड मॉनिटरवर चिकटवू नका, हे शिकवत होती. कार्यक्रमाचं नाव मात्र दणदणीत: 'डिजिटल बदलाचं नेतृत्व'. शेवटी प्रत्येकाला 'चेंज चॅम्पियन' असा बिल्ला मिळायचा. तो छातीवर लावून मंडळी पुन्हा कागदाकडे वळायची.

सोमवारी व्हाइस प्रेसिडेंट डोरीन क्ष-किरण विभाग बघायला येणार होती. विभाग कागदाविना चालला तर कार्यक्रम पुढे चालू, आणि हिमानीच्या नोकरीसाठीच्या एच-वन व्हिसाचा अर्जही पुढे. नाही तर मे महिन्यात परत नागपूर.

त्या विभागाचे मॅनेजर हेमचंद्रकाका. नेपरव्हिल उपनगरात त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये ती भाड्यानं राहायची. त्यांच्या विभागाचे संगणकावरच्या नोंदींचे आकडे सगळ्या हॉस्पिटलात अव्वल होते, इतके की तिला संशय आला. आलेखावरचे सगळे बिंदू सरळ रेषेत पडले की सायन्सवाला आधी मोजणारा तपासतो.

शुक्रवारी ती न सांगता तिथे गेली. टेक्निशियन निवांत डोनट खात होते. एक्स-रे काढून झाला की ते तपशिलाचा कागद काकांच्या टेबलावर आणून ठेवत. काका ज्याच्या-त्याच्या नावानं लॉगिन करून, दोन बोटांनी, अख्ख्या विभागाच्या नोंदी एकटेच टाइप करत होते.

"काका, हे काय चाललंय?"

"तुझा व्हिसा," काका मान वर न करता म्हणाले. "यांना शिकवत बसलो तर दिवाळी उजाडेल. सोमवारीही मीच उरकतो. कुणाला कळतंय?"

हिमानीला भरूनही आलं आणि कीबोर्ड त्यांच्या डोक्यात घालावासाही वाटला.

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"वीस वर्षांत सुट्टी घेतलेली नाही मी," काका म्हणाले, प्रश्न कायमचा सुटल्यासारखे.

शनिवार-रविवार तिनं त्यांचं ऐकावं की नाही याचा काथ्याकूट केला. काकूंनी तर ऐकच म्हणून दोनदा पोहे पाठवले. पण सोमवारी सकाळी हिमानीनं काकांना खुर्चीतून उठवलं आणि हाताची घडी घालून भिंतीशी उभं केलं.

मग जे व्हायचं तेच झालं. दोघांना स्वतःचाच पासवर्ड आठवेना. टेरी नावाच्या आडदांड टेक्निशियननं एका आजीबाईंची हाडं दुसऱ्याच रुग्णाच्या नावावर घातली, ती चूक हिमानीनं वेळीच पकडली. रांग लिफ्टपर्यंत गेली. काकांची बोटं काखेत वळवळत होती.

"आकडे तर उत्तम होते," हे सगळं दारातून बघणारी डोरीन म्हणाली.

"ते एकट्या मॅनेजरचे होते," हिमानी म्हणाली. "विभागाचा आज पहिला दिवस आहे."

डोरीन रांगेच्या टोकापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, बाकीचे विभागही न सांगता जाऊन तपास. महिन्यानं मी पुन्हा येते, निर्णय तेव्हा.

ती गेल्यावर काकांनी विचारलं, "आणि अर्ज?"

"तोही महिनाभर लटकला."

"पोरी, बावळट आहेस तू," काका म्हणाले. आणि कीबोर्डकडे न वळता ते टेरीच्या मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीशी घट्ट धरून. टेरी चुकत होता. काका दात-ओठ खात होते, पण हात सोडत नव्हते.