लालशाईंची कार्यमुक्ती

कचेरीने लालशाईंना निरोप देऊन चार महिने झाले होते. भाषणं झाली, भेट म्हणून मनगटी घड्याळ मिळालं, त्या घड्याळाचा सेलही एकदा बदलून झाला. पण लालशाई अजून आपल्या खुर्चीतच. कारण त्यांच्या कार्यमुक्तीच्या पत्रात चुका होत्या.

इंग्रजी पत्रं लाल शाईने तपासणं हेच त्यांचं काम, नावही त्यावरूनच पडलेलं. त्यांच्या लाल खुणेशिवाय एकही कागद बाहेर जायचा नाही, हा नियम त्यांनीच वीस वर्षांपूर्वी साहेबांच्या गळी उतरवला होता. कोणी ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं की त्यांचा डावा डोळा फडफडायचा. ‘रिटर्न बॅक’ दिसलं की पोटात मुरडा. ‘कझिन ब्रदर’ वाचून एकदा त्यांना जो ताप भरला, तो म्हणे डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं स्पेलिंग सुधारल्यावरच उतरला.

दुसरा नियमही त्यांचाच. चुकलेल्या पत्राला ठिगळ लावायचं नाही, अख्खं पत्र कोऱ्या कागदावर पहिल्यापासून टाइप करायचं. टाइपिस्ट बाई एक चूक काढायच्या, तोवर दोन नव्या शिरायच्या. पत्र सदतीस वेळा परत गेलं होतं. रजा मागावी, तर रजा नोकरीतल्या माणसाला मिळते आणि हे निवृत्त. उठून जावं, तर कार्यमुक्ती नाही, म्हणजे गैरहजर. साहेबांनी कधीच हात टेकले होते.

अडतिसावं पत्र समोर आलं त्या दुपारी त्यांची बायको दोन बॅगा घेऊन थेट टेबलापाशी येऊन उभी राहिली. लेकीचे दिवस भरत आले होते, जावई परगावी, आणि बस चारची.

“अहो, उठताय ना?”

“एक मिनिट. पत्र बघतो.”

पहिल्याच ओळीत ‘वुई आर रिलिव्ह यू’. खाली ‘रिव्हर्ट बॅक’. डावा डोळा फडफडला.

“बाई, हे काय?”

“साहेब, मागच्या खेपेला तुम्ही ‘टू’ काढा म्हणालात. मी काढला. त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं, देव जाणे.”

“परत टाइप करा.”

“करते. पण साडेतीन झालेत, आणि तुमच्या पत्राला मला पाऊण तास लागतो. एकेक अक्षर दोनदा बघते हो.”

“करून टाका की खूण,” बायको म्हणाली.

“अगं, माझी खूण झालेलं पत्र नमुन्याच्या फायलीत जातं. पुढचे सगळे त्यावरूनच उतरवतात. शंभर वर्षं ही चूक माझ्या खुणेनं चालेल.”

“चालू दे. लेकीला शंभर वर्षं थांबता येणार नाही.”

लालशाईंनी पेन उघडलं. टोक कागदापासून वीतभर वर अडून बसलं. चुकीवर बरोबरची खूण करायची त्यालाही सवय नव्हती. घाम कपाळावरून नाकावर आला, नाकावरून मिशीत उतरला.

“राहू द्या,” बायको शांतपणे म्हणाली. “मी होते पुढे. तुम्ही पत्र सुधारून सावकाश या. नातवंड शाळेत जायच्या आत आलात म्हणजे झालं.”

तिने दोन्ही बॅगा उचलल्या. मोठीच्या ओझ्याने तिचा उजवा खांदा खाली गेला. ती तशीच तिरकी दाराकडे चालू लागली.

लालशाईंनी खूण केली. डोळे उघडे ठेवून केली.

टाइपिस्ट बाई कागदाकडे बघतच राहिल्या. “साहेब, नक्की ना?”

“फायलीला लावा,” असं म्हणून ते उठले आणि जिन्यात बायकोला गाठून त्यांनी मोठी बॅग हिसकावून घेतली.

बस सुटली. गाव मागे पडलं. लालशाई मनानं मात्र अजून त्या टेबलापाशीच होते.

“कसला विचार चाललाय?”

“पुढच्या महिन्यात हेडक्लार्क निवृत्त होतायत.”

“बरं, मग?”

“त्यांनाही तेच पत्र मिळणार.”

“मिळू दे,” बायको डोळे मिटत म्हणाली. “ते त्याच दिवशी घरी जातील.”