घरातली वडीलधारी

राजधानी झाल्यापासून रायपुरात जो तो बाहेरून आलेला, असं श्यामकांतरावांचं ठाम मत होतं. "आम्ही भोसल्यांच्या काळापासून इथले, कालचे नाही!" हे ते पानवाल्यालाही ऐकवत. तेलीबांध्याच्या नव्या घरासाठी त्यांनी मुद्दाम जोधपूरचा लाल दगड मागवला. मुलगी ज्ञानदा तिकडच्या वाळवंटात दगडांचे थर तपासायची आणि फोनवर त्या दगडांचंच कौतुक करायची. जुन्या घरातली कपडे धुवायची फर्शी मात्र श्यामकांतरावांनी फेकायला काढून भिंतीला उलटी टेकवली.

सुट्टीवर आलेल्या ज्ञानदानं त्या फर्शीच्या इतकी वर्षं मातीत दबलेल्या बाजूवर बादलीभर पाणी ओतलं. पत्ताकोबी आडवी चिरावी तशी गोल गोल वळणं उमटली.

"बाबा, इथं समुद्र होता! त्यातल्या बारीक जिवांनी थरावर थर चढवून हे केलं. शंभर कोटी वर्षं तरी झाली. तुमचा जोधपुरी दगड याच्यापुढे लहान."

"आपल्या रायपूरचा दगड? मग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही मले?" श्यामकांतराव तडकले.

"मलेही आजच दिसलं. आपण तिच्या पाठीवर कपडे आपटून राहिलो होतो!"

वास्तुशांतीला फर्शी उंबऱ्यापुढे बसली, तोंड वर करून. जोधपुरी दगड गच्चीवर गेला. एक पाहुणा चपलांसकट तिच्यावर चढला तसे श्यामकांतराव गरजले, "अहो, चपला काढा! घरातली सगळ्यात वडीलधारी आहे ती."

"आणि तुमचं भोसल्यांच्या काळातलं घराणं?" पाहुण्यानं चपला काढत विचारलं.

"आम्ही?" श्यामकांतरावांनी छाती फुगवली. "आम्ही तर कालचे पोट्टे!"