तक्रार काही नाही

यशस्विनीने बड्या कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा तिच्या आईने, भवानीबाईंनी, बरेच दिवस तोंड फुगवलं होतं. "समाजसेवाच करायची होती तर इंजिनियर कशाला झालीस?" असा बाईंचा रोकडा सवाल. बाई अगदीच चुकत होत्या असंही नाही. अपंगांना फुकट खुर्च्या देणाऱ्या, विजयनगर भागातल्या त्या संस्थेत इंजिनियर म्हणजे एकटी यशस्विनी. व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक तिनेच आखायचं, तिनेच जोडायचं, आणि देणगीदार आले की हसऱ्या चेहऱ्याने फोटोतही तिनेच उभं राहायचं. चाचणीला वेगळी माणसं हवीत, असं तिने सांगून पाहिलं. पण देणगीदार खुर्च्यांना पैसे देतात हो, चाचणीला कोण देतो? शेवटी तिने आवारातच खुर्चीवर सिमेंटची पोती बसवून फिरवली. पोती काही कुरकुरली नाहीत, आणि खुर्च्या वाटल्या गेल्या.

एक सुख मात्र होतं, आणि ते खरं होतं. कंपनीत आपण बनवलेलं कोण वापरतं हे तिला कधी कळलंच नाही. इथे जयलक्ष्मीपुरमचे मानाजीराव डावी बाजू लुळी असताना तिच्या चाकावर रोज बागेत जात, मित्रांशी कडाकडा भांडत आणि कॉफी पिऊन एकटे घरी येत. त्याआधी हा माणूस खाटेवर पडून नुसता पंख्याकडे बघत असे. त्यांना भेटून आलं की यशस्विनीचा दिवस बरा जायचा.

त्या दिवशी ती तपासणीला गेली.

"काका, काही तक्रार?"

"छे गं! फर्स्ट क्लास," मानाजीराव म्हणाले.

खुर्चीला एक कापडी पिशवी लटकत होती. यशस्विनीने ती बाजूला करायला धरली, तर हातच खाली ओढला गेला. आत अख्खी वीट.

"ही कशाला, काका?"

"सुम्ने, उगाच. असू दे आपली."

"सुम्ने कसली!" त्यांची बायको भागीरथीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "उतारावर ब्रेक लावून उभे राहिले की जरा वेळानं तो आपला आपण सुटतो. एकदा पडले, कोपर बघ त्यांचं. तेव्हापासून जाणाऱ्या-येणाऱ्याकडून चाकाखाली वीट लावून घेतात."

"अय्यो, गप्प बस की!" काका ओरडले. "प्रेमानं दिलंय त्यांनी, फुकट दिलंय. त्याला नावं ठेवायची?"

यशस्विनीने खाली बसून ब्रेकचा खटका पाहिला. झिजून गुळगुळीत झाला होता. तो धातू तिनेच निवडला होता, आणि हाच खटका सगळ्या खुर्च्यांना होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

तिने तिथूनच संस्थेच्या प्रमुखांना, विद्याश्रींना, फोन लावला. "सगळी चाकं काढून आण," त्या म्हणाल्या, "आजपासून." कंपनीत एवढ्या निर्णयाला महिनाभर बैठका झाल्या असत्या.

"मग मी?" तिने हे सांगताच मानाजीरावांनी विचारलं.

"खटका बदलून परत आणते, काका."

"कधी?"

नवा खटका आखायचा, बनवून घ्यायचा, या वेळी नीट तपासायचा, आणि करणारी ती एकटी. 'लवकरच' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला. "काही महिने लागतील."

"बेडा, बेडा! नको नेऊस. वीट आहे ना माझी? मी बघून घेतो."

"काका, उतारावरून थेट मोठ्या रस्त्यावर गेलात तर?"

"गेलो तर गेलो. खाटेवर पडून जाण्यापेक्षा बरं."

यशस्विनीने एकेक नट सैल केला. तिला रडू येत होतं, पण हात चालू ठेवले. चाक सुटलं तरी काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बायकोला म्हणाले, "मी गप्प का बसत होतो, कळलं आता?" भागीरथीबाईंनी पदराने डोळे पुसले.

चाक मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि गोकुलमच्या कमलाक्षींना फोन लावला. त्यांच्याकडेही तशीच खुर्ची होती.

"उतारावर ब्रेक सुटतो का हो?"

"नाही मॅडम, एकदम छान आहे. तक्रार काही नाही." मग आवाज खाली आला. "परत तर नेणार नाही ना?"

यशस्विनीने रिक्षावाल्याला गोकुलमला घ्यायला सांगितलं.